आपल्या माणसाची खोली

आधी माफी मागतो. आमच्या घरात अर्ज आणि लग्नपत्रिका यांपलीकडे आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेवढ्यानं स्वतःबद्दल लिहायचा अधिकार मिळतो असं मला वाटत नाही. पण आमच्या गावच्या लोकांचं नवी मुंबईत एक मंडळ आहे आणि त्या मंडळात माझ्याबद्दल एक वाक्य बरेच दिवस फिरत होतं : पोरानं आपल्या माणसावर संशय घेतला. ते वाक्य खरं आहे. मी संशय घेतला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन. तो का घेतला आणि कसा, एवढंच सांगायचं आहे. सांगताना चुकलो तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार, पोती वाहतात. आई रबाळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. राहायला आम्ही घणसोली गावात. नवे टॉवर उभे राहिलेत त्यांच्या पायाशी जुनं गावठाण आहे, तिथल्या भाड्याच्या खोलीत. करार अकरा महिन्यांचा. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं किंवा वर मजला चढवायचा निघाला की आमचं सामान टेम्पोत.

त्यामुळे खोली बघणं हे आमच्या घरातलं नेहमीचं काम होतं आणि ते आम्ही तिघांनी वाटून घेतलं होतं. वडील भिंतीला तळहात लावून ओल बघायचे. आई मोरीतला नळ सोडायची आणि पाणी किती जोरात येतंय ते बघून मग शेजारणीला पाण्याची वेळ विचारायची. मी लहानपणापासून प्लगवर. खिशातून चार्जर काढायचा, प्रत्येक सॉकेटमध्ये घालायचा, मोबाइलवर चार्जिंगची खूण आली की मोठ्यानं "चालू" म्हणायचं. एकदा एक आगरी आजी, त्या खोलीच्या मालकीण, दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "पोरगी बघाला आलाव का खोली बघाला?"

वडील म्हणाले, "आजी, पोरगी एकदाच बघायची असती. खोली दर वर्षाला बघाया लागती."

आजी इतक्या हसल्या की त्यांनी स्वतःच पुढे होऊन पंखा लावून दाखवला. ती खोली आम्ही घेतली.

पण ही तपासणी परक्यांसाठी होती, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या माणसासाठी घरात वेगळी पद्धत होती. वडील कोणालाही भेटले की पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" उत्तर आपल्या भागातलं आलं की पुढचं सगळं सोपं. वडिलांना बाजारात काम लावलं ते गावच्या माणसानं. आईची पॅकिंगची नोकरी गावच्या बाईनं सांगितली. माझी शाळेची ॲडमिशन अडली तेव्हा शाळेचा शिपाई पलीकडच्या गावचा निघाला. यातल्या एकाही वेळी कुणी कुणाला कागद मागितला नाही. या पद्धतीला मी हसत नाही. तिच्यामुळेच मी शिकलो.

मला आयर्लंडमध्ये डब्लिनच्या एका कॉलेजात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला तेव्हा घरात पेढे आले आणि पेढ्यांबरोबर काळजी आली. कॉलेज राहायची सोय देत नव्हतं. त्या शहरात खोल्यांची इतकी टंचाई की एका खोलीच्या जाहिरातीवर शेकडो पोरं तुटून पडायची. मी रोज बसून मेल करायचो, उत्तर यायचं नाही. वडिलांनी माझ्यासाठी पीएफमधून पैसे काढले होते. ते एकदाच निघणार होते. ते बुडाले असते तर राहायला जागा नाही, आणि जागा नाही तर शिक्षणही नाही, इतका सरळ हिशेब होता.

मग माझ्या चुलत मामांनी मनावर घेतलं. हे मामा मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी सगळ्या ग्रुपवर टाकलं : आपला मुलगा डब्लिनला जातोय, कुणाची ओळख असल्यास कळवावे. मेसेज या गावच्या मंडळातून त्या गावच्या मंडळात गेला आणि थोड्याच दिवसांत एका माणसाचा फोन आला. तो डब्लिनलाच राहत होता म्हणे, नोकरी बदलून दुसऱ्या शहरात चालला होता, त्याची खोली रिकामी होत होती. "बाहेरच्याला द्यायची नाय म्हणलं. आपल्या पोराला होऊ दे."

वडिलांनी माझ्या हातातला फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"गाव कुठलं म्हणायचं बाळ तुझं?"

त्यानं सांगितलं. आमच्या गावापासून नदीच्या पलीकडचं.

"आळी कुठली?"

"देवळाच्या मागची, काका. पाराकडनं आत."

"जत्रंला येतोस का?"

"कुठलं जमतंय काका! पण पालखीचा व्हिडिओ बघतो ना. यंदा शाळेकडनं वळवली की. रस्ता उकरून ठेवला होता गटारासाठी."

वडिलांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पालखी खरंच शाळेकडून वळवली होती, गावभर त्यावर भांडण झालं होतं. त्या एका वाक्यानंतर वडिलांच्या आवाजातला फरक मला ऐकू आला. ते त्याला घरच्यासारखं बोलायला लागले. जेवणाचं काय करतोस, थंडी सोसते का. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं आधी लागणार होतं. तो म्हणाला, "इकडं पाठवायचं तर बँक लई कापती. माझ्या मित्राचं खातं हाय आपल्या तालुक्याच्या शाखेत, त्याच्यावर टाका. मी इकडं मालकाला देतो." तालुक्याची शाखा म्हटल्यावर वडिलांना ते आपल्या अंगणातच असल्यासारखं वाटलं.

फोटो आले. पलंग, टेबल, पांढरी भिंत, खिडकीत कुंडी. आई म्हणाली, "छान हाय गं बाई." मी फोटो मोठा करून सवयीनं टेबलाच्या बाजूचा प्लग बघितला.

तो गोल होता. वाटीसारखा खोलगट, आत दोन गोल भोकं. आदल्याच आठवड्यात मी वाशीतून त्या देशासाठी ॲडॉप्टर आणला होता, त्याला तीन चौकोनी पिना होत्या. दुकानदारानं दोनदा विचारून दिला होता, कारण जर्मनीचा वेगळा असतो, आयर्लंडचा वेगळा. मी ॲडॉप्टर बॅगेतून काढला आणि फोटोशेजारी धरला. तो त्या भिंतीत शिरला नसता.

मी याला पुरावा म्हणत नाही. जुनी इमारत असेल, कुणी बाहेरून बोर्ड आणून बसवला असेल, मला काय माहीत? मी कधी विमानात बसलो नव्हतो. म्हणून मी त्याला फक्त विनंती केली. फोन करून म्हटलं, "दादा, राग मानू नका. एकदा व्हिडिओ कॉल कराल का? खोलीत चार्जर लावून दाखवाल?"

तो हसायलाच लागला. "चार्जर? भावा, लाइट आली हाय रे इकडं. टेन्शन नको घेऊस."

"नाही, तरी पण... बघितलं असतं तर बरं झालं असतं."

"आत्ता शिफ्टवर हाय. पाठवतो."

आला तो आधी काढून ठेवलेला व्हिडिओ. आवाज नाही, कॅमेरा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो आणि संपतो. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा शिफ्टवर. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं मला उत्तर दिलंच नाही, थेट वडिलांना फोन लावला. "काका, तुमच्या पोराचा विश्वास दिसत नाय. माझ्याकडं जुईनगरचं एक पोरगं तयार हाय. पण मी म्हणलं, आधी काकांना विचारावं."

वडिलांचा चेहरा पडला. ओझ्याखाली त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे, तो असा होत नाही. आपल्या पोरामुळे आपण कुणापुढे कमी पडलो, ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती.

मी कॉलेजच्या ऑफिसला मेल केली. त्यांचं उत्तर साधं होतं : खोली कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, ते जमत नसेल तर चालू व्हिडिओ कॉलवर बघा, आणि खातं घर देणाऱ्याच्या नावाचं नसेल तर अजिबात देऊ नका. मी ते वडिलांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्यांना आपलं गाव म्हाईत हाय का?"

त्या रविवारी दुपारी मामा घरी आले. पैसे त्या दिवशी पाठवायचे ठरलं होतं आणि घरातले सगळे मोबाइलचे व्यवहार मीच करायचो, लाइट बिलापासून भाड्यापर्यंत. वडिलांनी फोन माझ्यापुढे ठेवला. मी हात लावला नाही.

मामा म्हणाले, "दाजी, पोरगं लई हुशार झालंय. आता आपली माणसं तपासून घ्याया लागलंय."

"मामा, तसं नाही," मी म्हटलं. मला मोठ्यांसमोर बोलता येत नाही, अजूनही येत नाही. "आपण घणसोलीत कधी खोली न बघता टोकन दिलंय का?"

"त्या परक्यांच्या खोल्या," वडील म्हणाले. "ह्यो आपला हाय."

"आपला आहे तर मग दाखवायला काय हरकत आहे, पप्पा?"

"आपल्या माणसाला दाखव म्हणत न्हाईत," मामांचा आवाज चढला. "त्याच्या आईबापाला काय वाटंल? पोरगं पाठवतोय का पंचनामा करायला माणूस पाठवतोय? उद्या जत्रंत तोंड कुठं दाखवायचं दाजींनी?"

आई स्टोव्हपाशी उभी होती. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "त्या व्हिडिओत मला मोरी कुठं दिसली न्हाय. नळ बी न्हाय."

"तू गप गं," मामा म्हणाले.

"गप हाय की. चहा निवतोय, तेवढा घ्या."

मामा वडिलांना म्हणाले, "उद्या बँकेत चला. स्लिप भरून टाकू. ह्याच्यावाचून काय अडलंय?"

तेव्हा मी म्हणालो. शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण तसं मी त्याआधी घरात कधी बोललो नव्हतो. "तुम्ही बँकेतून टाकू शकता पप्पा, पैसे तुमचे आहेत. पण खोली न बघता टाकलेत, तर मी जाणार नाही. तिकीट रद्द करीन आणि उद्यापासून रबाळ्याला काम शोधीन."

मामांनी कप खाली ठेवला. वडील उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. पैसे गेले नाहीत. पण त्या दिवसापासून वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी समोर बसलेला असताना ते आईला सांगायचे, "त्याला म्हण जेवून घे."

मंडळात गावचं कुणी परदेशी चाललं की शाल आणि नारळ देऊन सत्कार होतो. माझा ठरला होता, फ्लेक्सही छापून आला होता. त्यावर मी, मित्राचा कोट घालून, दात दाखवत. सत्कार रद्द झाला. फ्लेक्स गुंडाळून आमच्याच दारात आणून ठेवला. आईनं तो वाया जाऊ दिला नाही, गच्चीवर पाण्याच्या टाकीवर बांधला. घणसोलीच्या एका गच्चीवर मी अजून उलटा हसतो आहे.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला स्वतःवरही भरवसा नव्हता. रोज वाटायचं, तो माणूस खरा असला तर? खोली गेली, वडील दुरावले, गाव तुटलं, आणि हे सगळं एका गोल प्लगपायी. तरीही मी माघार घेतली नाही. आपल्या माणसाला "दाखव" म्हणणं हा अपमान असेल, तर तो अपमान आपल्या घरात रोज व्हायला हवा, असं मला वाटायला लागलं होतं. माझी आई कंपनीत येता-जाता पर्स उघडून दाखवते. वडिलांचं पोतं बाजारात काट्यावर चढतं. आमच्यावर संशय घ्यायला सगळ्यांना हक्क, आणि आम्ही एक चालू व्हिडिओ मागितला तर आम्ही माजलो?

जुईनगरच्या मुलाचा नंबर मी ग्रुपमधून शोधला आणि त्याला फोन केला. तोही माझ्यासारखाच, वडील रिक्षा चालवणारे, घरातून पहिलाच शिकणारा. प्लगचं सांगितलं. तो म्हणाला, "अरे यार, तू प्लग बघत बस. मी खोली घेतली पण." वर म्हणाला, "घाबरतोस किती! परदेशात कसा राहणार तू?" मी म्हटलं, "माहीत नाही. पण तू एकदा त्याला खोली लाइव्ह दाखवायला सांग." त्यानं हसून फोन ठेवला.

निघेपर्यंत मला खोली मिळाली नाही. कॉलेजनं सुचवलेल्या एका हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीतला एक पलंग मी काही आठवड्यांसाठी घेतला आणि उरलेलं तिथे जाऊन, बघून ठरवायचं म्हटलं. विमानतळावर वडील आले. ट्रॉली असताना दोन्ही बॅगा त्यांनीच उचलल्या, एक खांद्यावर, एक हातात. दारापाशी ठेवल्या आणि आईला म्हणाले, "त्याला सांग, पोचल्यावर फोन कर."

डब्लिनमध्ये मी रोज खोल्या बघायला जायचो. दार उघडलं की नमस्कार, आणि मग खिशातून चार्जर. सगळीकडे तीन चौकोनी भोकं. एका म्हाताऱ्या घरमालकानं मला विचारलं, तू इलेक्ट्रिशियन आहेस का?

मग एका दुपारी जुईनगरच्या मुलाचा फोन आला. तो त्याच दिवशी डब्लिनला उतरून थेट त्या खोलीवर गेला होता. दिलेल्या पत्त्यावर घर होतं. दार एका बाईनं उघडलं, मागे तिची मुलं जेवत होती. त्यानं मोबाइलवरचे फोटो दाखवले. ती त्याला म्हणाली, तू पहिला नाहीस, याआधीही एक जण असाच बॅगा घेऊन आला होता. तिनं त्याला पाणी दिलं आणि वाईट वाटतं म्हणून सांगितलं. तिचाही यात काही दोष नव्हता.

मी त्याला हॉस्टेलवर बोलावलं. किचनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो, त्याच्या बॅगा दोघांच्या मध्ये. मी मॅगी केली.

"तू बोलला होतास," तो म्हणाला.

"आधी खा."

"तुला कळलं कसं?"

"कळलं नव्हतं रे," मी म्हटलं. "दिसत नव्हतं, म्हणून नाही म्हटलं."

त्याच्या वडिलांनी रिक्षेवर कर्ज काढलं होतं. घरी कसं सांगू, हे तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेवटी त्याच्या फोनवरून मीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरगं ठीक हाय ना? जेवलं का?"

त्याच्या वडिलांनी पोलिसांत तक्रार केली. बरोबर माझे मामा गेले. हे मला आईनं सांगितलं, कारण मामांनी मला फोन केला नाही आणि वडील अजूनही आईमार्फतच बोलत होते. मंडळात आता नवं वाक्य आलं होतं : कुणीतरी परक्यानं आपल्याकडच्या गावाचं नाव वापरून फसवलं. ग्रुपमध्ये शिरून जत्रेचं, पालखीचं वाचलं असणार, दुसरं काय? हे वाक्य सगळ्यांना सोयीचं होतं. मलाही. तो परका असेल तर वडिलांचं फार काही चुकलं नव्हतं आणि गावाचं तर काहीच चुकलं नव्हतं.

पुढे मला आणि जुईनगरच्या मुलाला मिळून एक खोली मिळाली. बघून घेतली, ज्याचं घर त्याच्याच नावाच्या खात्यावर पैसे भरले, करारावर सही केली आणि मग किल्ली घेतली. राहायला गेलो त्या दिवशी मी घरी व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "मोरी दाव." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. "जोर बरा हाय," ती म्हणाली. मग मी टेबलापाशी येऊन चार्जर लावला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "चालू."

फोन हलला. आईच्या हातून तो वडिलांनी घेतला होता. कामावरून नुकतेच आलेले, गळ्यात टॉवेल. कितीतरी दिवसांनी ते सरळ माझ्याशी बोलले.

"भिंत दाखव."

मी कॅमेरा भिंतीवर धरला.

"हात लाव तिला. ओल हाय का?"

"नाही पप्पा. कोरडी आहे."

"खिडकीखाली बघ. तिथं असती."

मी खिडकीखाली तळहात ठेवला, त्यांना दिसेल असा. ते बघत राहिले. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे. मग म्हणाले, "आज पोलिसांकडनं फोन आला होता मामाला. सापडला त्यो. पुण्यात खोली करून राहत होता. परदेश त्यानं बी कधी बघितला न्हाय."

माझा तळहात अजून खिडकीखालीच होता.

"परका न्हवता रे," वडील म्हणाले. "त्याच गावचा निघाला. देवळामागच्या आळीतला. जत्रंला पालखीच्या पुढं असायचा."